पत्र्याचं आभाळ

मुंबई,
ता. १० फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

एवढं मोठं पत्र बघून घाबरू नकोस. मनिऑर्डरच्या कूपनवर दोन ओळी खरडणारा मी आज पानभर लिहितो आहे, कारण एक चांगली बातमी आहे आणि तुझ्याकडे एक काम आहे.

दादरच्या ज्या स्टुडिओत मी जाहिरातींची अक्षरं काढतो, तिथे गिरगावचे एक प्रकाशक येतात, नानासाहेब. मुलांसाठी चित्रकथा छापतात. मागच्या खेपेला मी आणली होती ना, चौकटीचौकटीत गोष्ट आणि माणसांचं बोलणं फुग्यात, तसली पुस्तकं. सगळी राजांची आणि राक्षसांची. मी धीर करून त्यांना म्हटलं, एक गोष्ट मला माझ्या मनानं काढू द्या. तिच्यात राजा नसेल. दुष्काळात गाव सोडून आईबरोबर पिंपरीला आलेली भागू नावाची मुलगी असेल, कारखान्यात लागलेली. ते बराच वेळ कान कोरत बसले, मग म्हणाले, आठ पानं करून आणा, बघू.

काढायला बसलो आणि गाडी अडली. आपल्या घराची भिंत काढायला जावं तर ती कॅलेंडरातल्या महालाची भिंत होते. भागूचं तोंड प्लास्टरच्या पुतळ्यासारखं गुळगुळीत येतं. चित्रकलेच्या शाळेत इतकी वर्षं ते पुतळेच काढले, ते हातात मुरलेत. म्हणून मी ठरवलंय की भिंत मी काढायचीच नाही, खरी भिंतच कागदावर आणायची.

सोबतच्या पार्सलात पतंगाचा पांढरा कागद आणि मेणाचे काळे खडू आहेत. कागद भिंतीवर ताणून धरायचा आणि वरून खडू आडवा घासायचा. खालचे उंचवटे काळे उमटतात, खड्डे पांढरे राहतात. भिंत, पत्रा, गोणपाट, पाटा, जे खरखरीत असेल त्याचा असा ठसा घे. ते ठसे कापून मी चौकटीत चिकटवीन आणि त्यांच्यावर माणसं काढीन. शिसपेन्सिल वापरू नकोस, तिचा करडा रंग छपाईत उतरत नाही.

आईला जयभीम सांग.
तुझा,
साहेबराव


पिंपरी,
ता. २४ फेब्रुवारी १९७४

चि. साहेबरावास,
ताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. आईनं आधी हुंगून बघितलं, खायचं काही आहे का. कागद निघाला तेव्हा म्हणाली, "पुस्तकात आपल्या भिती बघाया कोन पैसं देनार? भिती बघाया आमी काय कमी हाय व्हय?"

रविवारी सुट्टी होती म्हणून दारातल्या भिंतीपासून सुरुवात केली. कागद लावून घासत होते तर शेजारचे अर्जुनराव दातून चघळत आले आणि म्हणाले, काय गं कस्तुरा, नगरपालिकेनं घरं मोजायचं काम तुला दिलं काय. झालं. गल्लीत बोभाटा, की झोपड्या पाडायच्यात आणि कस्तुरा मापं घेतीय. चिमाबाई तर रडायलाच लागली. शेवटी मी तुझं पत्र सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचून दाखवलं. मग उलटंच झालं. जो तो आपापलं सामान घेऊन आला. चिमाबाईनं पाटा आणला, कुणी खाट उभी केली, अर्जुनराव म्हणाले माझ्या सायकलच्या सीटचा घे, ती पुस्तकात आली पाहिजे. त्यांच्या सुमनताई नुसत्या हसत होत्या.

आईच्या वाकळेचा ठसा फार छान आलाय, टाका न् टाका दिसतो. तव्याचा नीट आला नाही. कागद फाटला.

आणखी एक. चिंचवडच्या जयसिंगच्या घरून माणसं मला बघून गेली. तो मोठ्या कंपनीत लेथवर आहे, कायम झालाय. त्याची आई भिमाबाई म्हणाल्या, पोरगी सावळी आहे पण कमावती आहे, आम्हाला चालेल. आईला पसंत आहे. मलाही नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, तुमच्या शेडमध्ये कुठल्या मशीन आहेत. मी म्हटलं पत्रा कापायचे पावर प्रेस. तो म्हणाला, जपून करा. कुणी असं विचारलं नव्हतं कधी.

तुझी ताई,
कस्तुरा


मुंबई,
ता. ११ मार्च १९७४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

जयसिंगरावांची बातमी वाचून फार आनंद झाला. तारीख ठरली की लगेच कळव, मी रजा टाकतो.

ठसे मिळाले. खोलीतली मुलं झोपली होती, मी एकेक कागद खिडकीला लावून बघत बसलो. चिमाबाईच्या पाट्यातून मी जमीन केली. खाटेचा सुंभ आडवा लावला तर शेतातल्या सऱ्या झाल्या. वाकळेचं मी अजून काही केलं नाही, ती नुसती बघत बसावीशी वाटते.

एक तक्रार करू का? तू फार नीट घासतेस. लहानपणापासून तुझं काम असंच, अंगण सारवलं तरी एक फराटा इकडचा तिकडे नसायचा. सगळीकडे सारखा दाब पडतो, त्यामुळे पाटा काय आणि भिंत काय, सगळं एकाच जातीचं दिसतं. थोडी आळशीपणानं घास. कुठे सुटू दे, कुठे दाटू दे.

आणि आता मला शेडमधलं काहीतरी हवं आहे. भागू कारखान्यात जाते ती पानं अजून कोरी आहेत. मशीनच्या पायाचा, फरशीचा, काहीही चालेल. मालक हरकत घेणार असतील तर राहू दे.

तुझा,
साहेबराव


पिंपरी,
ता. १९ एप्रिल १९७४

चि. साहेबरावास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

उशीर झाला. जयंतीच्या तयारीत आठवडा गेला. यंदा फलक रंगवायला तू नव्हतास, अर्जुनरावांनी हात मारला आणि 'विजय'मधला वि दीर्घ काढला. मिरवणुकीत पोरं त्यांना चिडवत होती.

शेडमधलं पाठवते आहे. आमचे फोरमन दत्तोबा चांगले आहेत, म्हणाले जेवणाच्या सुट्टीत काय करायचं ते कर, मालक यायच्या आत आवर. फरशीवर तेल असतं, खडू चालेना. मग भंगाराच्या ढिगाकडे लक्ष गेलं. आम्ही पत्र्याच्या पट्टीतून वायसर पाडतो ना, वायसर पाडून झाला की मागे नुसती भोकं भोकं असलेली पट्टी उरते. ती भंगारात टाकतात. ती फरशीवर पसरली आणि तिच्यावर घासलं. बघ काय आलंय. मी इतकी वर्षं ती पट्टी पायानं सारते, मला कधी दिसलं नव्हतं. दत्तोबाही वाकून बघत होते. म्हणाले, ही तर चाळणीतून चांदण्या पडल्यासारखी दिसते.

लग्न दोन जूनचं ठरलं. इथेच वस्तीत, बुद्धविहारापुढे. आईनं माझ्यासाठी पांढरं पातळ घेऊन ठेवलंय आणि रोज काढून बघते. तू आलास की बाकीचं ठरवू.

तुझी ताई


मुंबई,
ता. ४ मे १९७४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

आठ पानं नानासाहेबांना पसंत पडली. तुझ्या भोकांच्या पत्र्यामुळे. मी त्याचं आभाळ केलं, ताई. कारखान्याची छपरं खाली आणि वर सगळीकडे तुझ्या वायसरांची गोल गोल भोकं. छापील चित्रात सावली दाखवायला बारीक ठिपके देतात, तसंच ते लांबून दिसतं, पण जवळ गेलं की कळतं हा पत्रा आहे. नानासाहेब चष्मा वर सारून म्हणाले, हे मी कुठे पाहिलेलं नाही. जुलैअखेर बत्तीस पानं पूर्ण करून द्या.

रेल्वेचा संप होणार म्हणतात. झालाच तर टपालाचे हाल होतील, तेव्हा पत्र नाही आलं तरी काळजी करू नकोस. लग्नाला काही करून येईन, एस. टी. तर चालू राहील. तोवर जमेल तसे आणखी ठसे काढून ठेव. मऊ वस्तूंचे हवेत, लुगडं, पंखा, चुंबळ.

तुझा,
साहेबराव


पिंपरी,
ता. २७ मे १९७४

चि. साहेबरावास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगते आहे आणि अर्जुनरावांच्या सुमनताई लिहीत आहेत. शेडमध्ये पत्र्यानं हात कापला, पट्टी बांधलीय, म्हणून लिहिता येत नाही. काळजीचं काही नाही.

संपामुळे तुला कळवता आलं नाही. लग्न पुढे ढकललंय. जयसिंगच्या चुलत्यांचं अचानक काही झालं, त्यांच्याकडे यंदा नको म्हणतात. तेव्हा दोन तारखेला येऊ नकोस, उगाच रजा फुकट जाईल. पानं आधी पुरी कर.

घरी बसूनच आहे म्हणून ठसे काढले. आईचं जुनं लुगडं, चुंबळ, विहाराची पायरी. चांगले आले नाहीत. चालले तर बघ.

तुझी ताई
(ताईंच्या सांगण्यावरून, सुमन)


मुंबई,
ता. १२ जून १९७४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

हात बरा झाला असेल. जयसिंगरावांच्या घरी माझ्यातर्फे दुखवट्याचा निरोप दे. लग्न काय, दिवाळीच्या आसपास होईल.

आता महत्त्वाचं. चांगले आले नाहीत म्हणतेस ते ठसे मी खोलीभर पसरून ठेवलेत. या वेळी तू काय केलंस? रेघ मध्येच सुटते, पुन्हा सापडते, एका बाजूला दाटते आणि दुसऱ्या बाजूला नुसती थरथरते. लुगड्याचा पदर तर असा आलाय की कुणीतरी अंधारात चाचपडत ते लुगडं शोधतंय. मी फेब्रुवारीपासून जे मागत होतो आणि मला सांगता येत नव्हतं ते हेच. मार्चमध्ये मी म्हटलं होतं आळशीपणानं घास, पण हे आळशीपणाचं नाही. हे काहीतरी निराळंच आहे.

मी पहिली आठ पानं बाजूला ठेवली आणि सगळं या पद्धतीनं पुन्हा करतो आहे. माझी स्वतःची रेघ त्यापुढे लबाड दिसायला लागली म्हणून मी टाक डाव्या हातात धरला. डाव्या हातानं भागू काढली आणि पहिल्यांदा ती पुतळा दिसली नाही. स्टुडिओतले लोक हसतात. हसू देत. तू आता बदलू नकोस, अशीच घासत राहा.

शेवटचं पान सुचलंय. पानभर फक्त भागूचा पंजा, अक्षर एकही नाही. तो मी काढणार नाही, तुझा घेणार. चिमणीच्या काजळीत खोबरेल कालवून हाताला लाव आणि जाड कागदावर पंजा दाब. कातडीच्या रेघा न् रेघा यायला हव्यात. चाळीस-पन्नास हजार मुलं तो पंजा बघतील.

तुझा,
साहेबराव


पिंपरी,
ता. २१ जून १९७४

चि. साहेबरावास,
ताईचा जयभीम.

तू सांगितल्याप्रमाणे हाताचा ठसा पाठवला आहे. आईची तब्येत बरी आहे. पाऊस नाही अजून.

तुझी ताई
(सुमन)


मुंबई,
ता. २६ जून १९७४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

पंजा मिळाला, पण तू डावा पाठवलास. अंगठ्यावरून कळतं. भागू आधीच्या सगळ्या पानांवर उजव्या हातानं काम करते, शेवटी डावा कसा चालेल? शिवाय डाव्या हाताला कामाच्या खुणा नसतात, घट्टे उजव्याला असतात. उजवा पाठव. एवढं सोपं काम, ताई, थोडं लक्ष देऊन कर ना. छपाईचे ठोकळे करणारा ब्लॉकवाला माझ्या डोक्यावर बसलाय.

घाईत,
साहेबराव


पिंपरी,
ता. ५ जुलै १९७४

चि. साहेबा,

हे मी स्वतः लिहिते आहे, डाव्या हातानं. म्हणून अक्षर असं. सुमनताईंना हे सांगून लिहवून घेणं मला जमलं नसतं.

उजवा पाठवला आहे. अंगठा आणि करंगळी आहे. मधली तीन नाहीत.

संप चालू होता तेव्हाची गोष्ट. पट्टी आत सरकवली, पायडल दाबला, प्रेस खाली आला, वायसर पडला. पायडलवरनं पाय काढला. पट्टी पुढे घ्यायला हात आत घातला आणि प्रेस आपल्या आपण दुसऱ्यांदा खाली आला. शेडमध्ये याला डबल मारणं म्हणतात. तो प्रेस बरेच दिवस डबल मारत होता. मी दत्तोबांना बोलले होते, ते मालकांना बोलले होते. हात वाचवायला असते ती पुढची जाळी काम हळू होतं म्हणून कधीच काढून टाकलेली. दुखलं नाही त्या वेळी. मी आधी पट्टीकडे बघितलं, खराब झाली म्हणून.

पुण्याच्या दवाखान्यात होते. आई रोज एस. टी. नं यायची. मालक एकदा आले आणि आईला म्हणाले, हिचं नाव आमच्या मस्टरवर नाही, ही कामाला नव्हतीच, कुणाला तरी डबा द्यायला आली आणि मशीनला हात लावला. मी म्हटलं दत्तोबांना विचारा. दत्तोबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ते म्हणाले, डबा द्यायला आली होती. खाली बघून म्हणाले. त्यांना दोन मुली आहेत.

जयसिंगचे चुलते ठणठणीत आहेत. भिमाबाई मला बघायला दवाखान्यात आल्या, मोसंबी आणली, माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. घरी गेल्यावर निरोप आला की यंदा जमत नाही. गेल्या महिन्यात त्याचं पिंपळे गुरवच्या मुलीशी लागलं. तो स्वतः आला नाही. मी वाट बघितली नाही असं नाही.

तुला कळवायचं नाही हे मीच ठरवलं. आठाची बत्तीस पानं झाली होती, एकाचं तरी नीट चालू राहावं वाटलं. मग तुझं ते पत्र आलं, रेघ थरथरते ती फार छान म्हणून. मी ते घडी घालून उशीखाली ठेवलं. राग आला नाही. वाटलं, चला, कशाला तरी उपयोगी पडलं.

पण तू आता डाव्या हातानं काढू नकोस. तुझा उजवा चांगला आहे.

कस्तुरा


मुंबई,
ता. १६ जुलै १९७४

ती. ताईस,

दोन दिवस येऊन राहिलो. तू डाव्या हातानं भाकरी थापत होतीस, ती फाटत होती, आई ती पुन्हा जोडत होती, आणि मी भिंतीकडे बघत बसलो. निघताना तू स्टँडवर आलीस तेव्हा विचारणार होतो, गाडी सुटली.

आता विचारतो. तू माझ्यासाठी कागद घासत होतीस का त्या वेळी? मी चार मेच्या पत्रात लिहिलं होतं आणखी काढून ठेव. त्या पत्रापायी तुझं लक्ष ढळलं का? मला खरं सांग. मी रोज तुझं पत्र वाचतो आहे, आणि जूनमधलं माझं पत्र मला आठवतं तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. तुझा हात तुटला आणि मी त्याची वाहवा केली.

पुस्तक मी थांबवलं आहे. नानासाहेबांना उद्या सांगणार. तो पंजा कुणाला दाखवायचा माझ्यात धीर नाही.

साहेबराव


पिंपरी,
ता. २२ जुलै १९७४

चि. साहेबा,

कागद पिशवीत होता, पिशवी खुंटीला होती. माझं लक्ष कामात होतं. प्रेस डबल मारत होता. याहून जास्त काही नाही.

तुला वाटतं तुझ्यामुळे झालं. दोन दिवस तू असाच बसला होतास, मला कळत होतं. तुला तो दोष हवाय, साहेबा. दोष तुझा झाला की गोष्टही तुझी होते. मग मालक नाही, दत्तोबा नाही, नुसता बिचारा भाऊ. मला ते चालणार नाही. माझा हात गेलाय, तो माझ्याकडे राहू दे.

पुस्तक थांबवायचं नाही. तू थांबलास म्हणून मला बोटं फुटायची नाहीत. मी दोनदा शेडवर गेले, मालकांनी गेटच्या आत घेतलं नाही. लेबर ऑफिसात गेले, तिथल्या साहेबांनी कागद मागितला, माझ्याकडे कागद कुठला. मी तिथे कामाला होते हे सांगणारं कुणीच नाही. तेव्हा शेवटच्या पानावर माझा उजवा हात आहे तसा छाप. खाली काही लिहू नकोस. त्या पुस्तकात तरी मी कामाला होते असं दिसू दे.

आई रात्री उठून पातळाची घडी मोडते आणि पुन्हा घालते. तिला काही बोलू नये.

कस्तुरा


मुंबई,
ता. २० ऑक्टोबर १९७४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तीन महिने लिहिलं नाही. पुस्तक निघालं. बुकपोस्टानं एक प्रत पाठवली आहे. तू ती उघडण्याआधी मला सांगितलं पाहिजे.

बत्तीस पानं मी जुलैअखेर दिली, तू म्हणालीस तशीच. शेवटी तुझा हात. नानासाहेब त्या पानापाशी आले आणि त्यांनी वही मिटली. मला म्हणाले, "हे लहान मुलांच्या हातात द्यायचं? तुम्हालाही बहीण असेल ना?" मी म्हटलं, हा तिचाच आहे. ते उठून खिडकीशी गेले. वाईट माणूस नाही ताई, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण नाही म्हणाले.

पुढे कागदाची टंचाई आली, बत्तिसाची चोवीस पानं झाली. मग दुकानदार म्हणाले छपाई मळकी दिसते, लोक डागाळलेला माल समजून परत करतील. नानासाहेबांनी ऑफिसातल्या दुसऱ्या चित्रकाराकडून सगळ्या पानांवर नवा हात फिरवून घेतला. भिंती साफ केल्या. भागू गोरी झाली. आभाळ निळं सपाट आहे, त्यात एक पक्ष्यांची रांग. शेवटच्या पानावर ती गेटपुढे उभी राहून हसते, मागे सूर्य उगवतो.

मी भांडलो असं मला लिहिता आलं असतं. एक दिवस भांडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, नाव घालू की नको, आणि पुढचं पुस्तक करता का, एका राजाचं आहे. मी दोन्हीला हो म्हणालो. स्टुडिओतली नोकरी ऑगस्टमध्येच सुटली होती, ते तुला कळवलं नव्हतं.

तुझ्या हाताचं मूळ पान मी परत मागितलं. शोधून देतो म्हणाले. मी चार वेळा गेलो. शेवटी शिपाई म्हणाला, दसऱ्याची साफसफाई झाली, रद्दीबरोबर गेलं असेल.

मला काही लिहू नये असं वाटलं तर लिहू नकोस.

साहेबराव


पिंपरी,
ता. ११ नोव्हेंबर १९७४

चि. साहेबरावास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. सुमनताईंच्या ओट्यावर वाचलं. वस्तीतली पोरं आधी ओढाओढी करत होती, मग गोल करून बसली. त्यांना आवडलं. खरंच आवडलं, तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. भागूला काम मिळतं तिथे पोरांनी टाळ्या वाजवल्या. अर्जुनराव आपली सीट शोधत होते, म्हटलं छपाईत गेली. तुझं नाव सगळ्यांना दाखवलं. आईनं नावावरनं हात फिरवला आणि पुस्तक ट्रंकेत ठेवलं.

रागावले आहे का म्हणशील तर नाही. थकले आहे. तू राजाचं पुस्तक कर. जेवत जा वेळेवर.

मला काम नाही. महाळुंग्याकडे एका बाईनं कांदे निवडायला बोलावलं होतं, दोन दिवस गेले, बाकीच्या बाया पोतं भरायच्या तोवर माझं अर्धं व्हायचं. तिनं तोंड वाकडं केलं नाही, पण परत बोलावलंही नाही. शेजारीपाजारी देतात आईच्या हातात काही ना काही. आई घेते.

दहा-बारा दिवसांपूर्वी चिमाबाईची शेवंता आली. सोळाची आहे, बाप खाटेला खिळलाय तेव्हापासून शाळा सुटली. दारात उभी राहून म्हणाली, ताई, तुमच्या शेडमध्ये प्रेसवर पोरगी पाहिजे म्हणतात, जाऊ का? मी पदराखालून हात काढून तिच्यापुढे धरला. मला वाटलं होतं, पुस्तकात नाही आला तर नाही, निदान या एका पोरीनं तो बघितला तरी पुष्कळ झालं.

तिनं बघितला. चांगला निरखून बघितला, तोंड फिरवलं नाही. मग म्हणाली, "दिसतंय गं ताई. पन घरात दुसरं काय हाय?"

साहेबा, याचं उत्तर तुला आलं तर कळव. मी त्या दिवसापासून शोधते आहे.

सोमवारपासून ती माझ्या जागेवर बसते. जायच्या आधी मला विचारायला आली, कसं करायचं ते सांग. मी तिला दारात पाटावर बसवलं, पायाखाली चुलीतलं एक लाकूड ठेवलं आणि पायडल कधी दाबायचा, हात कधी आत घालायचा ते दाखवलं. पाय वर घेतल्याशिवाय हात आत न्यायचा नाही, असं तिच्याकडनं पुन्हा पुन्हा करून घेतलं, ती न चुकता करायला लागेपर्यंत. ती खूश होऊन गेली.

माझाही पाय त्या दिवशी वरच होता, हे मी तिला सांगितलं नाही.

तुझी ताई,
कस्तुरा